खारबावची खुर्ची

आई गेल्यावर चौथ्या दिवशी मी फोन करून तिच्यासाठी मागून आणलेली खाट घेऊन जायला सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, घाई नाय. तेरावं होऊ द्या. आम्ही काय मागायला आलो नाय." मी म्हटलं, आजच न्या. दुपारी दोघं जण टेम्पो घेऊन आले. त्यांनी खाटेचे नटबोल्ट काढले, हवेची गादी गुंडाळली आणि सगळं जिन्यावरून उतरवलं. निघताना त्यांतल्या एकाने माझ्याकडून फडकं मागून घेतलं आणि खाटेखालची फरशी पुसून दिली. दोन वर्षं तिथे झाडू नीट पोचलाच नव्हता. मी दारात उभी होते. त्यांना चहा विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मी कामतघरला राहते, दोन खोल्यांत. पालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, म्हणजे आधी जमलं नाही आणि मग जमवायचं राहून गेलं. एक भाऊ आहे नाशिकला. तो दहाव्याला आला आणि तेराव्यानंतर गेला. जाताना म्हणाला, "ये गं तिकडे राहायला." तो मनापासून म्हणाला आणि मी जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. दिवसभर त्यांचा खडखडाट भिंतीतून येतो. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे तो मला ऐकूच येत नसे. शुक्रवारी लूम बंद असतात. आई असताना शुक्रवार बरा वाटायचा, तिला शांत झोप लागायची. ती गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी मी उठले आणि घरात इतकं सामसूम होतं की मी उगाच पाण्याचा नळ सोडून ठेवला.

महिनाभराने दाराच्या मागे आईचा वॉकर सापडला. तोही त्या लोकांचाच होता, न्यायचा राहून गेला होता. फोन करण्याऐवजी मी तो स्वतः घेऊन निघाले. खरं सांगायचं तर घराबाहेर पडायला काहीतरी कारण हवं होतं.

लोक तिला खाटांची खोली म्हणतात. एका बंद पडलेल्या लूमच्या शेडचा पुढचा भाग आहे तो. शेडच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. कोरोनाच्या दिवसांत त्यांचा धाकटा भाऊ ऑक्सिजनचा सिलिंडर मिळेमिळेपर्यंत गेला. सिलिंडर मिळाला तेव्हा उशीर झाला होता. तो सिलिंडर चाचांनी त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी पाठवला आणि सुरुवात तिथून झाली. मग कुणी वडिलांची खाट आणून दिली, कुणी सासूची चाकाची खुर्ची. ज्याला लागेल त्याने न्यायचं, काम झालं की परत आणायचं. लूम दुरुस्त करणारा एक जॉबर ड्युटी संपली की येऊन चाकं, स्क्रू, ब्रेक बघतो. माझ्या घरची फरशी पुसणारा तोच. माल पोचवून रिकामे परतणारे टेम्पोवाले सामान नेतात. शेलार गावची एक बाई इथे कामगारांची खानावळ चालवते, आमच्याकडे अशा खानावळीला भिशी म्हणतात. ती गाद्यांच्या चादरी धुऊन देते. मालकांची, देणाऱ्यांची नावं लिहिलेला संगमरवरी दगड वगैरे काही नाही. दारावर साधी पाटीसुद्धा नाही.

मी वॉकर घेऊन पोचले तेव्हा खोली उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. टेबलावरचा फोन वाजत होता. वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. मी उचलला. एका माणसाच्या वडिलांना दवाखान्यातून घरी सोडत होते आणि घरात खाट नव्हती. मी त्याचा पत्ता पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला. तेवढ्यात चाचा नमाज आटपून आले. मी त्यांना पाकीट दिलं. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "टीचरजी, इतना साफ तो यहाँ किसी ने आज तक नहीं लिखा. आप रोज़ बैठेंगी?"

मी रोज बसायला लागले.

माझं मुख्य काम फोनचं. दर महिन्याला प्रत्येक घरी फोन करायचा आणि विचारायचं, वस्तू अजून लागते का? ऐकायला सोपं आहे. पण 'लागत नाही' याचे दोन अर्थ होतात. माणूस बरा झाला, किंवा माणूस गेला. सुरुवातीला मी एका घरी उत्साहाने म्हटलं, "अरे वा, बरे झाले का मग?" आणि पलीकडे एक बाई रडायला लागली. त्यानंतर मी शिकले. आधी आपण कोण ते सांगायचं, मग घरचे सगळे कसे आहेत ते विचारायचं आणि थांबायचं. लोक आपणहून सांगतात. पुष्कळदा वस्तूचं बोलणं एका मिनिटात संपतं आणि माणूस बोलतच राहतो.

खारबाव गावातल्या एका घरी चाकाची खुर्ची गेली होती. म्हाताऱ्या बाईंसाठी त्यांच्या नवऱ्याने नेली होती. फोन तेच उचलायचे. "हाय बाय, लागते अजून," म्हणायचे. मग विचारायचे, "तुमी जेवलात का?" मी हो म्हणायचे. तिकडे पाऊस किती झाला, भात कसा आहे, शेजाऱ्याच्या म्हशीने काय केलं, हे सगळं सांगून ते फोन ठेवत. बाईंची तब्येत विचारली की म्हणायचे, "हाय तशीच हाय." असे बरेच महिने गेले.

फेब्रुवारीत शेलारच्या एका मुलीचा पाय मोडला. तिची बारावीची परीक्षा तोंडावर होती. परीक्षेच्या केंद्रात तिला न्यायला खुर्ची हवी होती आणि आमच्याकडच्या सगळ्या बाहेर होत्या. जॉबर म्हणाला, "खारबावची बघू या का? तिथं घरातल्या घरातच लागत असेल, तर पंधरा दिवस वॉकरवर भागेल." मला फोनवर मागायचा धीर होईना. त्यामुळे आम्ही दोघं एका टेम्पोतून गेलो.

घर गावाच्या कडेला होतं. ओटीवर खुर्ची होती. तिच्यावर घडी घातलेली गोधडी आणि गोधडीवर एक पातळ. चाकं चकचकीत पुसलेली. म्हातारे आतून आले. मी नाव न सांगताच त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. त्यांना फार आनंद झाला. लगेच कोरा चहा ठेवायला आत वळले. घरात दुसरं कुणी असल्याची चाहूलच नव्हती. मी भिंतीकडे पाहिलं. बाईंच्या फोटोला हार होता आणि तो सुकून जुना झाला होता.

जॉबरने माझ्याकडे पाहिलं आणि तो बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला.

ते चहा घेऊन आले. मी काय पाहिलं ते त्यांच्या लक्षात आलं. कप ठेवून ते समोर खाली बसले.

"गनपतीच्या आधी गेली," ते म्हणाले. "मी खोटा बोललो तुमाला."

"मग खुर्ची?"

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "महिन्याला तुमचा फोन येतो. खुर्ची नेली, का मग फोन कशाला येल?"

वर्गात मुलं खोटं बोलली की मला लगेच कळायचं, याचा मला अभिमान होता. या माणसाचं खोटं मी कितीतरी महिने ऐकत होते आणि मला एकदाही शंका आली नाही. कारण उघड होतं. मला ते फोन आवडायचे. माझी कामाची यादी मी अशी लावायचे की खारबाव शेवटी येईल, म्हणजे घाई करावी लागणार नाही. "तुमी जेवलात का?" हे मला त्या काळात विचारणारा तो एकटाच माणूस होता. आणि 'हो' म्हणताना मीही पुष्कळदा खोटंच बोलत होते.

मी त्यांना शेलारच्या मुलीचं सांगितलं. ते उठले, गोधडी आणि पातळ उचलून आत ठेवून आले. कुठूनशी तेलाची बाटली आणून त्यांनी चाकांत थेंब थेंब तेल सोडलं. जॉबर पुढे झाला तर त्याला हातानेच थांबवलं आणि खुर्ची स्वतः ढकलत टेम्पोपर्यंत आणली.

"मी तरीही फोन करीन," मी म्हटलं.

"लोक बोलतात तसा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

परतताना जॉबरने नोंदवही काढली. मग म्हणाला, "बाई, ही फेरी काय म्हणून लिहायची?" मी म्हटलं, खुर्ची परत आली एवढंच लिही.

मी दर शुक्रवारी फोन करायला लागले. वस्तूचं बोलणं नसल्यामुळे पहिल्या वेळी दोघंही अवघडलो. त्यांनी विचारलं, मुलीची परीक्षा कशी गेली? मी सांगितलं, पेपर चांगले गेले, ती आता काठी घेऊन चालते. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, तुमच्या घरी कोन कोन हाय? मी सांगितलं, कोणी नाही. "आँ?" ते म्हणाले. त्यानंतर ते जेवणाचं विचारायचे तेव्हा काय जेवलात तेही विचारायचे. त्यामुळे मला शुक्रवारी काहीतरी रांधावंच लागायचं.

त्याच सुमारास आमच्याकडे पाहुणे आले. परदेशातल्या एका संस्थेचे एक गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर मराठी बोलणारी एक तरुण मुलगी. गावातल्याच लोकांनी गावासाठी एकत्र येऊन चालवलेली कामं ते देशोदेशी फिरून बघत होते. मुलगी त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होती. आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये, युरोपातल्या छोट्या गावांत लोक असंच करतात, म्हणाले. कुठे बायका धान्य साठवून ठेवतात, कुठे शेजारी मिळून मयताचा खर्च उचलतात, कुठे अशाच एका खोलीतून पुढे मोठी संस्था उभी राहते. आता जगभर हे वाढतंय. चाचा लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मतलब बुढ़ापा सब जगह आता है." पाहुणे मोठ्याने हसले. मग त्यांनी मला विचारलं, या कामात सगळ्यात कठीण काय? मी म्हटलं, गाद्या लवकर फाटतात. 'लागते का अजून?' हे विचारणं, असं दुसरं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण एका भाषेतून दुसरीत जाता जाता त्याचं काय होईल ते मला कळेना.

पुढे त्यांच्याकडून एक फॉर्म आला. त्यात देणगीदार आणि लाभार्थी असे दोन रकाने होते. जॉबर पेन घेऊन अडला. त्याच्या आईने आमचीच खाट वापरली होती आणि तो आमच्याच खाटा दुरुस्त करत होता. "मला कुठं टाकू?" त्याने विचारलं. भिशीवाली चादरींचं गाठोडं घेऊन आली होती, ती म्हणाली, "दोन्हीकडं लिव आनी सोड." त्याने दोन्हीकडे लिहिलं. माझं नाव मी फक्त देणगीदारांत लिहिलं. आईची खाट तेव्हा माझ्या मनातही आली नाही.

पावसाळ्यात खारबावचा फोन लागेनासा झाला. एका शुक्रवारी बंद, दुसऱ्या शुक्रवारी बंद. तिसऱ्या शुक्रवारी मी रिक्षा केली आणि गेले. घराला कुलूप होतं. ओटीवर पावसाचं पाणी येऊन चिखल झाला होता. शेजारची बाई डोक्यावर पिशवी घेऊन बाहेर आली.

"त्यांना पोराने नेला बदलापूरला," ती म्हणाली. "फोन पान्यात पडला त्यांचा. पोरगा बोलला, नवीन घेऊन देन."

"त्यांच्या मुलाचा नंबर आहे का?"

"न्हाय बाय." मग तिला काहीतरी आठवलं. "तुमी त्या फोनवाल्या बाय का? तुमचा नंबर त्यांनी भिंतीवर लिवून ठेवलाय, कोलशानी. मोठ्ठा. पन आत हाय, आनी कुलूप लावलाय."

मी माझा नंबर कागदावर लिहून तिच्याकडे दिला. पावसात तो कागद तिने पदराखाली धरला. फोन आला नाही. तिने दिला नसेल, किंवा त्यांची भेटच झाली नसेल, किंवा मुलाकडे नातवंडांत त्यांना आता गरज वाटत नसेल. हे शेवटचं खरं असावं असं मी स्वतःला सांगत राहिले आणि ते खरं असेल या विचाराने मला वाईटही वाटायचं. कुणाचं भलं झाल्याचं असं वाईट वाटणं मला नवीन होतं आणि मला त्याची लाज वाटली.

त्यानंतर आठवड्याभराने मला ताप आला. साधाच असेल म्हणून अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी उठवेना. खाटांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, म्हणजे ती बंद राहिली असणार. फोन वाजत होता, पण तो स्वयंपाकघरात होता आणि मी बाहेरच्या खोलीत. एवढं अंतर मला जमण्यासारखं नव्हतं. पडल्यापडल्या मी मोजकाच विचार करत होते. लूम चालू होते एवढं ऐकू येत होतं, म्हणजे आज शुक्रवार नाही.

दार वाजलं. मी कशीबशी कडी काढली. भिशीवाली उभी होती, हातात डबा, पाठीमागे जॉबर.

"सकाळपासून फोन करतंय मी," ती म्हणाली. "मेली का जिती ते कलाया नको?"

मी म्हटलं, भाची येणार आहे संध्याकाळी, काळजी करू नका. माझी भाची पुण्याला नोकरी करते आणि तिला मी आजारी असल्याचं माहीतही नव्हतं.

"कुठली भाची?" तिने विचारलं. तिने जॉबरला डॉक्टरला आणायला पाठवलं, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि घरात चारी बाजूंना पाहिलं. ओट्यावर आदल्या दिवसाचा कप होता.

"काय हवा तुमाला? सांगा."

"काही नको."

"बाई, मी रोज इतक्या मान्सांना जेवाया घालतंय. 'काय नको' बोलनारा मानूस मना बरोबर कलतो." ती खाली बसली. "मना लिवता येत न्हाय धड, म्हनून तुमी माझ्या पोरीचा फॉर्म भरलात. तवा मी नको बोलली का?"

एवढी वर्षं शिकवलं, एवढ्या घरांत फोन केले, आणि 'मला भात हवा आहे' हे चार शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. देताना मी नेहमी टेबलाच्या एका बाजूला बसलेली असायचे. पलीकडे उभं राहायला काय लागतं ते मला तेव्हा कळलं. लोक आमच्या दारात येऊन खाट मागायचे तेव्हा आधी हवापाण्याचं का बोलायचे, तेही कळलं.

"पेज," मी शेवटी म्हटलं. "मीठ घालून. आणि थोडा वेळ बसा."

ती बसली. तिच्या भिशीत दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती आणि तिचा फोन वाजत होता, तरी बसली.

ताप डेंग्यूचा निघाला. दहा-बारा दिवस गेले. कोण कधी येणार हे त्यांनी आपापसात ठरवलं होतं, मला कुणी विचारलं नाही. चाचांच्या घरून पपई आली. जॉबरची बायको येऊन कपडे धुऊन गेली आणि एक शब्दही बोलली नाही, कारण तिला तेलुगूशिवाय दुसरं येत नाही. शेलारची ती बारावीची मुलगी एक दिवस आली आणि माझ्यासमोर बसून मोबाईल बघत राहिली. तेही बरं वाटलं.

बरी झाल्यावर मी खोलीत पहिली गोष्ट केली ती ही, की फोनच्या यादीला आणखी एक यादी जोडली. ज्यांच्याकडे आता आमची कुठलीच वस्तू नाही, पण घरात एकटं माणूस आहे, अशांची. चाचांनी विचारलं, "इसमें देना क्या है?" मी म्हटलं, काही नाही, फक्त फोन. त्यांनी यादी वाचली आणि त्यांतले चार जण स्वतःकडे घेतले. जॉबरने दोन घेतले. तो फोनवर काय बोलतो कोण जाणे, पण त्या दोघी म्हाताऱ्या त्याच्यावर खूश आहेत.

मंगळवारी मी भिशीत जेवते. हे भिशीवालीने ठरवलं आणि मी मान्य केलं. ती पैसे घेत नाही, म्हणून मी तिथली पोरं ज्या मनीऑर्डरी आणि बँकेचे फॉर्म घेऊन येतात ते भरून देते. जेवायला येणारे कामगार बिहारचे, ओडिशाचे, तेलंगणाचे. लांब बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात. एकाने मला विचारलं, "मॅडम, आप कहाँ से?" मी म्हटलं, "यहीं की हूँ." त्याला ते पटलं नाही. इथल्या असता तर घरी जेवला असता, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिथे जेवताना कुणी फारसं बोलत नाही. भात, आमटी, एखादी भाजी, आणि मोबाईलवर गावचा कुणाचा तरी चेहरा. माझं एकटेपण गेलं का असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. ते तिथे माझ्या शेजारीच बसलेलं असतं आणि त्या बाकावरच्या प्रत्येकाच्या शेजारी त्याचं त्याचं बसलेलं असतं. मग शिफ्टची वेळ होते. सगळे एकदम उठतात, ताटं खणखणतात, दारापाशी चपलांची गर्दी होते आणि मिनिटभरात बाक रिकामा होतो. मी उरते. भिशीवाली पातेलं घेऊन येते आणि विचारते, "बाई, भात?" मी ताट पुढे करते.